गळती खालून बुजवू नका!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं आजीचं आणि अर्धं वर्कशॉपचं! मराठी विभागाच्या संपादकांनी "चालेल, लिही" म्हटलं म्हणून हे धाडस करतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय आहे शिडाच्या जुन्या बोटीच्या डेकवरचे खांब, क्लीट, कड्या वगैरे काढून पुन्हा नीट बसवणं. "आपल्याला काय करायचंय बोटीचं?" असं म्हणून पान उलटू नका. लेडीज हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकीला हा विषय चांगलाच माहीत आहे. फक्त तिथे डेकऐवजी गच्ची आहे, आणि पाणी बाकाऐवजी गादीवर पडतं.

माझा पराक्रम

माझा मामा मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला इंजिनीयर. त्याने दोन मित्रांबरोबर भागीदारीत १९८० च्या दशकातली एक अठ्ठावीस फुटी ग्लासफायबरची शिडाची बोट घेतली आहे. ऑक्टोबर ते मे ती मुंबई बंदरात असते. पावसाळ्यापूर्वी तिला अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीकाठी किनाऱ्यावर ओढून ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सुट्टीला गेले होते. वळवाचा पाऊस झाला आणि केबिनमधल्या उजव्या बाकावर टपटप सुरू झालं. वर बघितलं तर डेकच्या कडेला कठड्याचा जो खांब असतो, स्टँशन म्हणतात त्याला, त्याच्या नटांमधून पाणी येत होतं. मी काय केलं? सिलिकॉनची ट्यूब घेतली, वरून खांबाच्या पायाभोवती फिरवली, आणि शिवाय खालून चारही नटांभोवती छान लेप दिला. टपटप बंद! मामा त्या दिवशी मुंबईला गेला होता. परत आल्यावर बाक कोरडा बघून त्याने मला चहाबरोबर भजी खिलवली.

गेल्या मे महिन्यात मामाने त्या खांबाला धरून सहज जोर दिला, तर खांब डेकसकट हलला. मी लावलेलं खालचं सिलिकॉन चाकूने कापलं, तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मामा काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, "अगं, गळती तू थांबवलीसच नाहीस. गळतीची बातमी थांबवलीस."

हा लेख म्हणजे त्या भज्यांचं प्रायश्चित्त समजा.

डेक म्हणजे सँडविच

आधी डेक कशाचं असतं ते बघू. ग्लासफायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्साच्या लाकडाचा गाभा. बाल्सा हे फार हलकं लाकूड, घनता साधारण १५० किलो प्रति घनमीटर. म्हणजे पाण्याच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. ते मुख्यतः इक्वेडोर देशातून येतं. त्याचे तुकडे उभे, म्हणजे तंतू वरखाली राहतील असे बसवतात, कारण त्या दिशेने दाब सोसायची त्याची ताकद सगळ्यात जास्त असते.

हा खटाटोप कशासाठी? थोडं गणित करू (सेकंड इयरच्या 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'ची आठवण काढून!). ६ मिमीची भरीव ग्लासफायबरची पट्टी घ्या. तिचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात. आता त्याच ६ मिमीचे ३-३ मिमीचे दोन थर करा आणि मध्ये १२ मिमी बाल्सा घाला. विरोध जवळजवळ १९ पट होतो. वजन वाढतं चौरस मीटरला दोन किलोपेक्षाही कमी. आय-सेक्शनच्या गर्डरचंच हे तत्त्व: माल कडांना, मध्ये फक्त अंतर राखणारा आणि शिअर सोसणारा भाग.

म्हणजे बाल्सा हा काही कंजूषपणा नव्हे. १९७७ पासून जगभर गाजलेली रॉड जॉन्स्टन यांची जे/२४ ही रेसिंग बोट, पाच हजारांहून जास्त बांधली गेली, तिचं डेकच नव्हे तर बुडखाही बाल्सा-सँडविचचा आहे. आपल्याकडे गोव्यात बांधलेली नौदलाची 'तारिणी', जिच्यातून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्या बांधणीतसुद्धा लाकडाचा गाभा आणि त्यावर ग्लासफायबर आहे.

पण सँडविचची एक अट आहे. तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. गाभा कुजला की दोन्ही पापुद्रे आपापले वेगळे वाकतात. वरच्याच उदाहरणात मग हिशोब असा: ३-३ मिमीच्या दोन सुट्या पट्ट्या, त्यांचा विरोध ६ मिमीच्या भरीव पट्टीच्या फक्त एक चतुर्थांश. म्हणजे १९ पटीवरून थेट पाव! मामाचा खांब का हलला, ते आता कळलं असेल.

पाणी शिरतं कुठून?

ग्लासफायबर स्वतः सहसा गळत नाही. गळतात ती भोकं. कारखान्यात खांब बसवताना डेकला आरपार भोक पाडतात, बोल्ट घालतात, पायाखाली सीलंट लावतात आणि आतून नट आवळतात. हा सीलंटचा थर म्हणजे त्या खांबाची बैठक. चाळीस वर्षं ऊन खाल्ल्यावर ती बैठक वाळते, कडक होते. शिवाय छोट्या होडीतून वर चढताना प्रत्येक जण तोच खांब धरून ओढतो. खांब केसभर कलतो, बैठक एका बाजूने सुटते आणि केसभर फट पडते. एवढी फट पाण्याला पुरते.

खांब किती जोराने ओढला जातो, याचा अंदाज घ्या. खांब ६० सेमी उंच. वरच्या टोकाला माणूस आपटला आणि १००० न्यूटन जोर बसला असं धरू. पायातल्या बोल्टच्या दोन रांगांमध्ये अंतर ६ सेमी. म्हणजे तरफ दहाला एक. आतल्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन! हा एक टन नटाखालच्या छोट्याशा वायसरने पेलायचा, आणि त्याच्यावर डेक असेल भिजलेल्या ब्रेडसारखं. समुद्रात रात्री तोल गेला तर माणूस आणि पाणी यांच्यामध्ये हाच एक खांब असतो. म्हणून हा विषय फक्त ओल्या गादीचा नाही.

आता माझ्या पराक्रमाचं शास्त्र. पाणी वरून शिरतं, बोल्टच्या कडेने उतरतं आणि नटातून टपकतं. टपकतंय तोवर निदान ते बाहेर पडतंय. मी खालचं तोंड बंद केलं. वरचं सिलिकॉन काही महिन्यांत एका कडेने सुटलं. म्हणजे आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही. मग ते पाणी भोकाच्या भिंतीतून गाभ्यात शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

बोल्टचंही नुकसान होतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मिळत नाही. आमचा एक बोल्ट वर डोकं चकचकीत, खाली आटे चकचकीत आणि मध्ये चावलेल्या पेन्सिलीसारखा निघाला.

आधी तपासणी

डेक वाजवून बघायचं. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घ्या आणि टकटक करत चला. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. कलिंगड किंवा माठ घेताना आपण हेच करतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत गेलं की ओलीचा नकाशाच तयार होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पाणी जिथे टपकतं त्याच्या बरोबर वर ते शिरलेलं असेलच असं नाही. केबिनच्या छताला आतून अस्तर असतं, त्याच्यावरून पाणी दोन-दोन फूट चालत जातं. यावर मामाची युक्ती: दारं-खिडक्या टेपने बंद करून केबिनमध्ये ब्लोअरने हवा भरायची आणि डेकवर साबणाचं पाणी ओतायचं. जिथे बुडबुडे, तिथे भोक. सायकलचं पंक्चर काढण्याचीच रीत, फक्त ट्यूब अठ्ठावीस फुटी!

नटापर्यंत पोचायचं कसं?

खरं सांगते, या कामातलं सगळ्यात अवघड काम सीलंटचं नाही. नटापर्यंत हात पोचवण्याचं आहे. बोट बांधताना आधी डेकवर सामान बसवतात आणि मग आत अस्तर, कपाटं, फळ्या. चाळीस वर्षांनी नट उघडायची वेळ येईल, हा विचार कुणी केलेला नसतो.

आमच्या बोटीत तीन प्रकार भेटले. पहिल्या दोन खांबांचे नट रेक्झिनच्या अस्तरामागे होते. लाकडी पट्ट्यांचे स्क्रू काढले की अस्तर खाली येतं. प्रत्येक पट्टीच्या मागे नंबर लिहून ठेवा, नाहीतर परत लावताना जिगसॉ पझल होतं.

तिसऱ्याचे, म्हणजे माझ्याच त्या खांबाचे, नट अस्तराच्या कडेला उघडेच होते. म्हणून तर मला लेप देण्याचा मोह झाला.

चौथ्याचे नट ग्लासफायबरच्या आतल्या साच्याच्या पलीकडे. तिथे जायचा रस्ता एकच: मागच्या बाजूचं सामान ठेवायचं लॉकर. त्यात डोकं खाली करून शिरायचं, कमरेपर्यंत आत जायचं आणि डावा हात वळवून वर घालायचा. या कामासाठी माझी निवड झाली ती हुशारीमुळे नाही, आकारमानामुळे. आत मे महिन्याची भट्टी. शिवाय पुसायला ॲसिटोन वापरत असाल तर अशा कोंदट जागी पंखा लावून हवा खेळती ठेवणं आणि बाहेर एक माणूस हजर असणं सक्तीचं आहे. इथे शूरपणा करू नका.

दिसत काहीच नाही. मोबाईलचा कॅमेरा आत घालून फोटो काढायचा, तो बघून नटाची जागा पाठ करायची आणि मग आंधळ्या कोशिंबिरीसारखा पाना लावायचा. लांब एक्स्टेन्शनचा खोल सॉकेट असेल तर काम निम्मं होतं. परत बसवताना नट सॉकेटमध्ये टेपने हलका चिकटवून न्यायचा. नाहीतर तो पडतो आणि बरोब्बर बोटीच्या तळाशी, जिथे हात पोचत नाही तिथे जातो. असे माझे चार नट गेले.

हे दोन माणसांचं काम आहे. एकाने वर बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्याने खाली नट फिरवायचा. आवाज पोचत नाही म्हणून आम्ही ठोक्यांची भाषा ठरवली: एक ठोका म्हणजे "धर", दोन म्हणजे "फिरवते", तीन म्हणजे "नट पडला, चहा पिऊ".

एवढं झाल्यावरही पोचता येत नसेल, तर आतल्या साच्याला गोल भोक पाडून त्यावर स्क्रूचं झाकण बसवायचं. पुढच्या वेळी जो कुणी नट उघडेल तो तुम्हाला दुवा देईल.

भोक मोठं करा, भरा, पुन्हा पाडा

खांब निघाला. आता गाभा बघायचा. पिवळसर-पांढरा आणि कोरडा असेल तर नशीब. तपकिरी आणि बोटाने निघेल असा असेल तर गेला. पहिला, दुसरा आणि चौथा खांब वाचला होता. तिसऱ्याभोवती वीतभर गाभा चिखल झाला होता. तिथे वरचा थर कापून, कुजलेलं खरवडून, नवा बाल्सा इपॉक्सीत बसवून वर पुन्हा ग्लासफायबर चढवावा लागला. जुन्या-नव्याचा सांधा कडेला घासून निमुळता करतात, जाडीच्या बारापट. म्हणजे ३ मिमी थराला ३६ मिमी उतार. एका ट्यूब सिलिकॉनचं हे बिल!

बाकीच्या भोकांना जे केलं तेच या लेखाचं सार आहे. बोल्ट ६ मिमीचा. तर भोक १२ मिमी करायचं, पण फक्त वरचा थर आणि गाभा यांमधून. खालचा थर शाबूत ठेवायचा. खालून टेप लावायचा. आधी पातळ इपॉक्सी ओतायचं, म्हणजे बाल्साचे तंतू ते पिऊन घेतात. मग त्यात सिलिकाची पावडर घालून श्रीखंडाइतकं दाट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरायचं. दुसऱ्या दिवशी, पूर्ण कडक झाल्यावर, बरोबर मध्यावर ६ मिमीचं भोक पाडायचं.

काय झालं बघा. आता बोल्टच्या चहूबाजूंना ३ मिमी जाड घन इपॉक्सीची भिंत आहे. उद्या बैठक पुन्हा सुटली, तरी पाणी सरळ खाली टपकेल. गाभ्याला शिवणार नाही. म्हणजे गळती झालीच तर ती दिसेल. शिवाय नट आवळताना चुरडायला मऊ लाकूडच उरलं नाही.

आपल्या हवेत एक इशारा. इपॉक्सी कडक होताना उष्णता सोडतं, आणि उष्णतेने आणखी लवकर कडक होतं. मी घाईत एकदम मोठा कप कालवला. दहा मिनिटांत कप हातात धरवेना, मग धूर! थोडं थोडं कालवा, पसरट भांड्यात कालवा, आणि सकाळी लवकर कालवा.

बैठक कशाची द्यायची?

सिलिकॉन नको. ग्लासफायबरवर त्याची पकड या कामापुरती टिकत नाही, आणि जाताना असा तेलकट अंश मागे ठेवतं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. तो अंश घासून काढण्यात माझा अख्खा एक दिवस गेला.

पॉलियुरेथेनचे कडक प्रकार म्हणजे जवळजवळ गोंदच. जे पुन्हा कधी उघडायचं नाही तिथे ठीक. खांबासाठी नको, कारण काढताना डेकचा पापुद्रा घेऊन येतात.

पॉलिसल्फाइड धातू आणि सागवानासाठी उत्तम, पण काही प्लॅस्टिकना ते खातं. म्हणून ॲक्रिलिकच्या खिडक्यांपासून लांब ठेवायचं.

ब्यूटाइल टेप म्हणजे च्युइंगमसारखी पट्टी. ती कधीच कडक होत नाही, खूप ताणली जाते, आणि पुन्हा काढता येते. पेट्रोल-डिझेल सांडणाऱ्या जागी मात्र चालत नाही. आम्ही खांबांना हीच वापरली.

लावण्याआधी भोकाच्या वरच्या कडेला काउंटरसिंकने छोटीशी उतरती कड पाडा. त्या खोबणीत सीलंट अडकून बोल्टभोवती एक रिंग तयार होते. ही आपोआप झालेली ओ-रिंगच खरं काम करते.

नट फिरवा, बोल्ट नाही

आवळताना नियम एकच. वरचा माणूस बोल्ट गच्च धरून ठेवतो, फिरतो तो फक्त नट. बोल्ट फिरवला की त्याच्याभोवती नुकतीच बसलेली रिंग फाटते. आणि एका दमात आवळायचं नाही. ब्यूटाइल हळूहळू पसरतं. थोडं आवळा, थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. सगळं सीलंट पिळून बाहेर काढलंत तर बैठकच उरणार नाही.

नटाखाली वायसरऐवजी आम्ही जाड बॅकिंग प्लेट दिली, खांबाच्या पायापेक्षा मोठी, कडा गोल केलेली. त्यामुळे तो एक टन मोठ्या जागेवर पसरतो. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून ३१६ ग्रेडचे आणले. ३०४ पेक्षा ते महाग, पण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या पाण्यात जास्त टिकतात.

आणि खालून नटांना काय लावलं? काहीही नाही. सगळे उघडे, कोरडे, डोळ्यांना दिसतील असे.

पाऊस आला...

नऊ दिवस लागले. चार खांब, सोळा बोल्ट. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी हॉस्टेलवर परत आले होते. रात्री मामाचा फोन: "तीन खांब कोरडे. चौथ्याच्या एका नटाला एक थेंब आहे."

मला रडूच आलं. हाच तो लॉकरमधला, डोकं खाली करून बसवलेला! पण मामा खूश होता. म्हणाला, "अगं, थेंब दिसतोय ना? म्हणजे गाभा कोरडा आहे. ऑक्टोबरात उघडू, अर्धा तास लागेल."

हे मला पटायला थोडा वेळ लागला. आपल्याला शिकवतात की गळती शून्य हवी. पण खरं डिझाईन ते, ज्यात चूक झाली तर ती लगेच दिसते आणि स्वस्तात दुरुस्त होते. टपकणारं पाणी आपल्याला त्रास देतं. न टपकणारं पाणी घात करतं.

तर आता घरची गोष्ट. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरच्या छतावर जो ओलीचा डाग आहे, त्यावर या सुट्टीत खालून प्लॅस्टर आणि पेंट मारायचं ठरतंय, असं ऐकते. रेक्टर मॅडम, नम्र विनंती: त्याआधी एकदा गच्चीवर जाऊन बघू या का? टकटक करायला मी येते. स्क्रूड्रायव्हर माझा.